वीतभर डावीकडे

दर नोव्हेंबरात आमच्या कर्लिंग क्लबाची सहल उत्तरेला स्पे नदीच्या खोऱ्यात जाते. सकाळी बर्फावर दगड सरकवायचे, दुपारी एखादा किल्ला नाहीतर पडका मठ बघायचा आणि दिवेलागणीला व्हिस्कीची भट्टी गाठायची. पाय, डोळे आणि घसा, तिघांचीही सोय होते. सहल ठरवायचं काम माझ्याकडं असतं. एका वर्षी ते दुसऱ्या कोणीतरी केलं होतं आणि मी इतकी कुरकुर केली, की सगळ्यांनी वैतागून ते माझ्याच गळ्यात बांधलं. हॉटेल मी बघते, बस मी बघते, आणि कोणी कोणाच्या खोलीत झोपायचं तेही मीच ठरवते, कारण कोण घोरतं आणि कोण खिडकी उघडी ठेवतं हे मला पाठ आहे.

त्या वर्षी खोल्या ठरवताना मी निनियन मॅकेरोपाशी अडले. मॅकेरो म्हटलं की दोन पलंगांची एक खोली, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. पण मार्चात, कोकरं जन्मायच्या ऐन हंगामात, अॅडम मॅकेरो गोठ्यात बसल्या जागी गेला. निनियन त्याचा धाकटा भाऊ. मी त्याला फोन केला.

"निनियन, येतोयस ना रे सहलीला? हॉटेलात एका पलंगाची खोली मिळत नाहीये."

बराच वेळ पलीकडून नुसता कुत्र्यांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दोन पलंगांनी काय बिघडतंय, इसोबेल? एक रिकामा राहील."

मॅकेरोंची जमीन आमच्या गावावरच्या डोंगरात आहे. मेंढ्या, दगडी कुंपणं आणि वारा, बाकी तिथं काही नाही. दोघाही भावांनी लग्न केलं नाही. अॅडमला विचारायची कोणाची छाती झाली नाही आणि निनियनला विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, असं माझी आई म्हणायची. बापानं जमीन थोरल्याच्या नावावर केली. मेंढ्यांच्या बाजारात अॅडम बोलायचा, गाडी अॅडम चालवायचा, कुत्री अॅडमची शीळ ऐकायची. निनियन बटाटे उकडायचा, चूल पेटवायचा आणि कुंपणाचे पडलेले दगड परत रचायचा. गाडी चालवायला तो कधी शिकलाच नाही. 'अॅडम आहे की,' म्हणायचा.

बुधवारी संध्याकाळी मात्र बर्फावर निनियनची ऐट बघावी. आमच्या चौघांच्या चमूत पहिले दगड तो टाकायचा. दुसरी मी, तिसरा रॉरी नावाचा पोस्टमन, आणि कप्तान अॅडम. कप्तानानं पलीकडच्या टोकाला, वर्तुळात झाडू टेकवून उभं राहायचं. अलीकडून टाकणाऱ्यानं फक्त त्या झाडूवर नेम धरायचा. दगड वाटेत किती वळेल, कुठं थांबेल, ती चिंता कप्तानाची. निनियनचे दगड सांगितल्या जागी जाऊन बसायचे. मग तो उठून गुडघा झटकायचा आणि आमच्याकडं बघून म्हणायचा, "झाडूवर टाकलाय. बघून घ्या." पलीकडून अॅडम ओरडायचा, "बास झालं कौतुक, पुढचा उचल." अख्ख्या क्लबात झाडूवर टाकावा तर निनियननं, असं सगळे म्हणायचे.

खरी गोष्ट आमच्या चमूतल्या तिघांनाच ठाऊक होती. निनियननं उभ्या जन्मात एकही दगड झाडूवर टाकला नव्हता. त्याचा प्रत्येक दगड वीतभर उजवीकडे जायचा. अॅडम झाडूच त्याच्या डावीकडे वीतभर सरकवून धरायचा.

मी चमूत नवी होते तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. दगडापुढं बर्फ झाडत धावताना दगडाची वाट डोळ्यांसमोरच असते. खेळ संपल्यावर मी शहाणपणानं अॅडमला म्हटलं, "तू झाडू चुकीच्या जागी धरतोस." त्यानं मला गाड्या लावतात तिथं नेलं आणि म्हणाला, "झाडू कुठं धरायचा ते मला कळतं. तू हे कुणाजवळ बोललीस तर दुसरा चमू शोध." मी बोलले नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. नवरा-बायकोत याहून मोठ्या गोष्टी झाकलेल्या असतात.

तर निनियन सहलीला आला. बसमध्ये चढला, खिडकीशी बसला, आणि शेजारच्या जागेवर कोणी बसणार नाही हे जणू ठरलंच आहे असा बाहेर बघत राहिला. मला वाटलं कोणीतरी बसेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असणार, म्हणून कोणीच बसलं नाही. मी पुढं ड्रायव्हरशी रस्त्यावरून वाद घालत होते.

अॅडमच्या जागी कप्तान म्हणून आता ह्यू गिलख्रिस्ट होता. ह्यू आमच्या भागातला गुरांचा डॉक्टर. चांगला माणूस, पण इतका सरळ की त्याच्याशी बोलताना आपणच वाकडे आहोत असं वाटतं. गुरुवारी सकाळी पहिला सामना एल्गिनकडच्या एका क्लबाशी होता. गिलख्रिस्टनं झाडू जिथं धरायला हवा तिथं धरला. निनियननं दगड सोडला. मी आणि रॉरी झाडत सुटलो आणि अर्ध्या वाटेतच मला कळलं. दगड वीतभर उजवीकडून निघून गेला. दुसराही तसाच. तिसराही.

"झाडू जरा बघून घ्या, निनियन," गिलख्रिस्ट पलीकडून सौम्यपणे म्हणाला. अॅडमनं अशा वेळी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. निनियन त्या सौम्यपणानंच जास्त गांगरला.

"इथला बर्फ वाकडा आहे," तो मला म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

"रॉरीचे दगड जातायत की सरळ."

त्यावर काय बोलणार? आम्ही तो सामना असा हरलो की समोरच्यांनाच लाज वाटली. आमच्यात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिला पेला पाजायचा असतो. त्यांचा कप्तान पेले घेऊन आला आणि निनियनला म्हणाला, "तुमच्याबद्दल फार ऐकलं होतं." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. निनियननं मान डोलावली आणि पेल्यात बघत बसला.

दुपारी किल्ला होता. भिंती बऱ्या, छप्पर नाही, आणि वाऱ्याला येण्याजाण्याची पूर्ण मोकळीक. बाकीचे वरच्या बुरुजावर फोटो काढत होते. निनियन खाली एका पडक्या भिंतीपाशी उभा राहून तिचे दगड हातानं चाचपत होता. मी गिलख्रिस्टला एका कोपऱ्यात गाठलं आणि अॅडमची गोष्ट सांगून टाकली. अॅडम आता मला कोणत्या चमूतून काढणार होता?

"तेव्हा डॉक्टर," मी म्हटलं, "निनियनच्या वेळी झाडू वीतभर सरकवून धरा. तेवढं करा."

गिलख्रिस्ट चष्मा पुसत राहिला. "म्हणजे मी त्याला खोटी खूण दाखवायची."

"खोटी कसली? त्याच्या कामाची."

"इसोबेल, गाय जगणार नसली तर मी मालकाला तोंडावर सांगतो. माणसं रडतात माझ्यासमोर. तरी सांगतो. आणि या माणसाला झाडू दाखवून फसवू? तुम्ही त्याला सांगत का नाही? हात सुधारेल."

"सत्तरीला आलाय तो. आता काय सुधारणार?"

"मग मी काय करू? आपण चौघं खेळतोय. शनिवारी शेवटचा सामना आहे. उद्याही असंच झालं तर त्याच्या जागी दुसऱ्याला घ्यावं लागेल, आणि मग घरी गेल्यावर बुधवारीही."

बुधवार गेला तर निनियनकडं काय उरणार होतं? डोंगरावरून तो फक्त बुधवारी खाली यायचा. अॅडम गेल्यापासून मीच त्याला गाडीतून आणत होते, सोडत होते. येताना तो त्या आठवड्यात बोलायचं साठलेलं सगळं बोलायचा, आणि ते फार नसायचं. कुत्री फाटकापाशी बसून राहतात आणि त्याची शीळ ऐकत नाहीत, हे त्यानं मला तीन बुधवार सांगितलं होतं. मी गिलख्रिस्टला हे सांगितलं. तो म्हणाला, "मला वाईट वाटतं," आणि त्याला खरंच वाटत होतं. पण हेका काही त्यानं सोडला नाही.

संध्याकाळी भट्टीत गेलो. तांब्याची ती थोरली भांडी बघून झाल्यावर आम्हाला एका लांब बाकाशी बसवलं आणि प्रत्येकापुढं छोटे पेले मांडले. समजावून सांगायला एक तरतरीत मुलगी होती. आधी वास घ्या, म्हणाली, आणि काय वाटतं ते सांगा. कोणी म्हणालं मध, कोणी म्हणालं सफरचंद. ज्याला घरी चहा आणि कॉफीतला फरक कळत नाही असा आमचा खजिनदार म्हणाला, जुनं चामडं. मुलीनं निनियनकडं बघितलं.

निनियननं मन लावून वास घेतला. "मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवतो ना," तो म्हणाला, "ते पाणी."

सगळे हसले. मुलगीही हसली. निनियनला आपण विनोद केलाय हे कळलं नव्हतं, पण हसू आलेलं बघून त्याला बरं वाटलं. त्यानं अर्धा पेला प्यायला आणि उरलेला, मान न वळवता, बाकावरून उजवीकडं सरकवला.

उजवीकडं गिलख्रिस्ट बसला होता. तो त्या अर्ध्या पेल्याकडं बघत राहिला.

"माफ करा, डॉक्टर," निनियन म्हणाला. "मला अर्ध्याच्या वर चढते. उरलेली तो संपवायचा. हात तिकडंच जातो अजून." त्यानं पेला परत घेतला नाही. जरा थांबून म्हणाला, "बोलायचंच होतं तुमच्याशी. उद्या मला काढा. माझा हात गेलाय."

"एका दिवसात कोणाचा हात जात नाही, निनियन."

"गेलाय. मला कळतंय ना. तो होता तेव्हा त्याच्या ओरडण्यानं जीव नकोसा व्हायचा. मनात म्हणायचो, हा नसता तर मी किती चांगला खेळलो असतो. आता तो नाही, आणि हात बघा. मी माणूस पुरला की माझा हात पुरला, कळत नाही."

हे तो रडत वगैरे बोलला नाही. मेंढीचा पाय मोडलाय असं डॉक्टरला सांगावं तसं सांगितलं. माझ्या मात्र पोटात कालवलं. गिलख्रिस्टनं काही उत्तर दिलं नाही. त्यानं तो अर्धा पेला उचलला आणि पिऊन टाकला. "उद्या खेळा तुम्ही," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही बर्फावर उतरलो. निनियन पाय टेकवून खाली बसला. पलीकडं गिलख्रिस्टनं झाडू टेकवला, बरोबर जागी टेकवला, आणि मग, लहान मूल दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलतं तसं इकडं तिकडं बघत, वीतभर सरकवला. मी मनात कपाळावर हात मारला. खोटं बोलायचीही सवय लागते. अॅडमचा झाडू पहिल्यापासून खोट्या जागीच असायचा, म्हणून तो खरा वाटायचा.

निनियन थांबला. त्यानं मान वर करून बघितलं, पुन्हा खाली घातली आणि दगड सोडला. दगड झुलत झुलत गेला आणि पाहिजे तिथं जाऊन बसला. रॉरीनं झाडू आपटून दाद दिली. शेजारच्या पट्टीवरच्या लोकांनीही दिली. दुसऱ्या दगडाला गिलख्रिस्टनं पुन्हा तेच केलं, आधी बरोबर जागी आणि मग वीतभर बाजूला, आणि तोही दगड बसला.

निनियन उठला. या वेळी त्यानं गुडघा झटकला नाही, आमच्याकडं बघून काही म्हणाला नाही. बाजूला उभा राहून माझे दगड होऊ दिले, रॉरीचे होऊ दिले. डाव संपल्यावर माझ्याजवळ आला.

"तो झाडू सरकवतोय," तो म्हणाला.

मी गप्प.

"मी बसलो की सरकवतोय. आणि तरी दगड त्याला हवा तिथं जातोय. मग अॅडम?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की उगाच काहीतरी सांगायची सोय राहिली नाही.

"अॅडमही," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"मी आले तेव्हा करतच होता. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

"रॉरीला माहीत आहे?"

"आहे."

तो बर्फाकडं बघत राहिला. समोरचे लोक पुढच्या डावासाठी ताटकळले होते, पण मी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.

"का, ते कधी बोलला?"

"एकदा. मीच पुन्हा खोदून विचारलं होतं. म्हणाला, 'जमीन माझी, गाडी माझी, कुत्री माझी. एवढी एक गोष्ट तो माझ्याहून चांगली करतो. ती राहू दे त्याच्याकडं.'"

निनियननं मान हलवली. हळूहळू, घसरू नये म्हणून बुटांची टोकं बाहेर काढत, पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेला. मी मागोमाग गेले. त्याला बघून गिलख्रिस्ट कानापर्यंत लाल झाला.

"डॉक्टर, झाडू खरा धरा," निनियन म्हणाला.

"दगड चुकतील, निनियन."

"चुकू देत."

"मला तुमचा अपमान करायचा नव्हता."

"ते कळतं मला. तुम्ही भल्यासाठीच केलंत. पण मला फसवायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. तो दुसऱ्या कोणाला देता येत नाही."

गिलख्रिस्टनं झाडू खरा धरला. उरलेला पूर्ण सामना निनियनचा एकेक दगड वीतभर उजवीकडून जात राहिला. त्यानं बर्फाला दोष दिला नाही. दगड टाकून झाला की उठायचा, आपला झाडू घ्यायचा आणि माझ्या दगडांपुढं झाडायला धावायचा. या वयात इतकं धावू नये. हरलो, त्यांनी पेले पाजले, निनियननं आपला पेला पूर्ण प्यायला आणि त्याला चढली. शनिवारी त्याच्या जागी खजिनदार खेळला. निनियन काचेमागं कोट घालून बसून होता. मी दोनदा वळून हात केला. दुसऱ्या वेळी त्यानं बघितलं.

परतीच्या बसमध्ये मी ड्रायव्हरला त्याच्या मनासारख्या रस्त्यानं जाऊ दिलं आणि निनियनशेजारी जाऊन बसले. बराच वेळ तो काही बोलला नाही. डोंगर मागं पडून सपाट रस्ता लागल्यावर बोलायला लागला.

"घरात आमचं कशावरूनही वाजायचं. कुंपणावरून, कुत्र्यांवरून, बटाट्यात मीठ किती यावरून. तो बोलायला लागला की मला त्याच्यापुढं टिकायचं नाही. मग मी एकच म्हणायचो, 'आधी सांग, झाडूवर दगड कोण टाकतं?' की तो गप्प. उठायचा आणि बाहेर जायचा. मला वाटायचं, कशी बोलती बंद केली." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "शेवटच्या दिवशी सकाळीही म्हटलं होतं मी. तेव्हाच उठून गोठ्यात गेला तो."

मी त्याचा हात धरला. आमच्यात असे हात वगैरे धरत नाहीत, पण धरला. त्यानंही सोडवून घेतला नाही.

गिलख्रिस्टनं सांगितल्याप्रमाणेच केलं. बुधवारच्या चमूत आता खजिनदार पहिले दगड टाकतो, आणि जुन्या चामड्याचा वास ओळखणाऱ्याला शोभतील असेच टाकतो. निनियन राखीव. बुधवारी मी त्याला आणायला गेले की म्हणतो, "आज नको, मेंढ्या खाली आणायच्यात." मेंढ्या कधीच्या खाली आलेल्या असतात. कुत्री अजूनही फाटकापाशीच बसतात.

पण सोमवारी दुपारी बर्फ रिकामा असतो तेव्हा तो स्वतःहून फोन करतो. "खाली सोडतेस का?" विचारतो. मी सोडते. बर्फवाला दिवे अर्धेच लावतो. निनियन पलीकडच्या वर्तुळात आपली टोपी ठेवतो, चालत अलीकडं येतो, गुडघ्यावर बसतो आणि टोपीवर नेम धरून दगड सोडतो. मग पुन्हा सगळा बर्फ तुडवत पलीकडं जातो, वाकतो आणि पंजा पसरून काहीतरी मोजतो.

परवा मी काचेमागं बसायचं सोडून खाली गेले आणि विचारलं, "सुधारतंय का काही?"

"सुधारायला कोण येतंय?" निनियन म्हणाला. "तो किती सरकवायचा ते बघतोय."

"वीतभर. सांगितलं की तुला."

"रोज वीतभर नाही, इसोबेल. गुडघा दुखत असला की जास्त जातो. झोप नीट झालेली नसली की आणखी थोडा." त्यानं बर्फावरचा हात उचलला. त्याची बोटं गारठून लाल झाली होती. "आणि त्याला ते दर वेळी कळायचं. मी बसलो की इथून, एवढ्या लांबून, त्याला कळायचं."

मला काही बोलायला सुचलं नाही. त्यानं टोपी उचलून झटकली, डोक्यावर घातली आणि दगड एकेक करून परत ढकलत न्यायला लागला. पलीकडं कोणी नसलं की तेही काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.